डाव्या बाजूचा आरसा

बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला आणि तीस वर्षांत कोणाला साधा ओरखडा काढला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तुमचा त्यांच्याबद्दल गैरसमज होईल.

रायपुरात दुभाजकाला चिकटून, उजव्या पट्ट्यातून, चाळीसच्या वेगानं जाणारी एक छोटी पांढरी गाडी कधी तुमच्या पुढे आली असेल. तुम्ही हॉर्न वाजवला असेल, दिवे मारले असतील, आणि शेवटी वैतागून डावीकडून पुढे काढताना आत कोण शहाणा बसलाय ते वाकून पाहिलं असेल. तर ते आम्हीच. स्टिअरिंगवर बाबा, शेजारी मी, मागे मांडीवर पिशवी घेतलेली आई. शिव्या आम्ही पुष्कळ ऐकल्या. "अंकल, रोड खरीद लिए हो क्या?" ही त्यातली सभ्य.

बाबांवर परिणाम शून्य. "त्याले घाई आहे, मले नाई," एवढंच म्हणायचे.

मीही गप्प बसायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भंडाऱ्याकडून ट्रक घेऊन आलेला आणि इथंच राहून गेलेला माणूस, त्याची मुलगी बी.कॉम. झाली, शंकर नगरच्या एका ऑफिसात खुर्चीवर बसली. दिवसभर मी लोकांच्या अर्जांतल्या चुका काढते आणि अर्ज परत करते, कोणाची भीड धरत नाही. पण ज्या माणसाच्या ड्रायव्हिंगवर मी शिकले, त्यालाच त्याचं ड्रायव्हिंग चुकतंय हे सांगायचं, ते माझ्यानं होत नव्हतं. म्हणून गाडी घेतल्यापासून दोन वर्षं खिडकीबाहेर पाहत बसले.

मग तो मंगळवार आला.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला दर मंगळवारी व्यायामासाठी नव्या रायपूरकडे न्यावं लागायचं. मी अर्धी रजा टाकून सोबत जायची. त्या दिवशी दुपारी परत येताना मागून सायरन ऐकू आला. बाबा नेहमीसारखे दुभाजकाजवळ. डावीकडे थोडं पुढे एक ई-रिक्षा चाललेली, बाकी पट्टा मोकळा.

"बाबा, अँब्युलन्स आहे."

"दिसून राहिली."

"मग डावीकडे घ्या ना."

"तिकडून जागा आहे ना त्याले. जाईन तो."

त्यांनी वेग वाढवला, पन्नासवर नेला, पण पट्टा सोडला नाही. मागे अँब्युलन्सनं करकचून ब्रेक मारला, ती डावीकडे वळली, रिक्षाच्या मागे अडकली, पुन्हा थांबत आली आणि मग आमच्या आणि रिक्षाच्या मधून कशीबशी निघाली. तिच्या काचेतून मला एक बाई दिसली. हात उंच करून तिनं सलाइनची बाटली धरली होती. गाडी हेलकावली तशी ती तोल जाऊन पुढे झुकली. बाटली सुटता सुटता राहिली.

समता कॉलनीच्या मागच्या आमच्या गल्लीत शिरल्यावर आई म्हणाली, "कोणाची बाई असेल हो ती?"

बाबा म्हणाले, "मी माह्या पट्ट्यात होतो." घरात येऊन त्यांनी चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगली आणि जेवायला आले नाहीत.

आईच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी बिलासपूरहून धाकट्या भावाचा फोन. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"दीदी, बस हो गया. आँख से दिखता नहीं होगा उनको. संडे को आ रहा हूँ, गाड़ी ले जाऊँगा."

"तू ये. पण रविवारपर्यंत चावी खिळ्याला राहील."

"रविवार तक क्या हो जाएगा?"

"ते मी पाहते."

बाबा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "घेऊन जाऊ दे त्याले. मी रिक्षानं जाईन." आवाज चढला नाही की पडला नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. आमच्या गल्लीत दोन निवृत्त ड्रायव्हर आहेत. सकाळपासून ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकतात. कोणी गिअर चुकवला की एकमेकांकडे पाहतात, बस. दिवस संपतो. बाबांना तिसरं करून त्या ओट्यावर बसवायला मी तयार नव्हते.

पण त्या बाटलीवाल्या बाईलाही मी विसरू शकत नव्हते. म्हणून मनाशी ठरवलं: शनिवारपर्यंत बाबा डावीकडे जायला शिकले नाहीत, तर चावी मीच काढून घेईन. भावाची वाट पाहणार नाही. हे कोणाला सांगितलं नाही.

बुधवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले, चष्म्याचा नंबरसुद्धा तोच. म्हणजे भावाचा मुद्दा गेला. संध्याकाळी मी माझा मुद्दा मांडायला बसले. लायसन्सच्या परीक्षेसाठी मी जे पुस्तक पाठ केलं होतं ते काढलं, आमच्या दारासमोरच्या ओट्यावर खडूनं तीन पट्टे आखले आणि त्यावर काड्यापेट्या ठेवल्या.

"ही आपली गाडी. हा उजवा पट्टा फक्त पुढे काढण्यासाठी असतो. काढलं की परत डावीकडे यायचं. पुस्तकात लिहिलंय."

बाबांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. आईकडून अजून दोन पेट्या मागून घेतल्या, एक सुपारी घेतली, आणि माझ्या डाव्या पट्ट्यात मांडायला लागले.

"ही उभी ट्रॉली, दिवा नसलेली. हे ढोर, बसलेलं. अन् हा पोट्टा," सुपारी पुढे सरकवत, "मोटरसायकलवर राँग साइडनं येऊन राहिला. आता सांग, पुस्तकवाली. मी कुठी जाऊ?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याकडचे रस्ते तसेच आहेत, आणि तीस वर्षं हा माणूस ढोरं आणि ट्रॉल्या चुकवत घरी परत आला म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले. आई आतून म्हणाली, "पेट्या परत आणून द्या, मले दिवा लावायचा आहे."

पण हरले म्हणून सोडलं नाही. गुरुवारी सकाळी सहाला बाबांना उठवलं. "चला, गाडी काढा." नव्या रायपूरच्या रस्त्यावर त्या वेळी ढोर नसतं, ट्रॉली नसते. रस्ता असा रुंद की बाबांच्या सुपारीला तिथं जागा नाही. मी म्हटलं डावीकडे, की जायचे. पण मिनिटभरात गाडी हळूच सरकत सरकत परत दुभाजकाजवळ. मी पुन्हा म्हणायची, ते पुन्हा जायचे, गाडी पुन्हा यायची. बांधलेल्या बैलासारखी खुंट्याकडे.

शुक्रवारी माझा तोल गेला. "बाबा, तुम्ही मुद्दाम करून राहिले!"

बाबांनी गाडी कडेला थांबवली. इंजिन बंद केलं. मला वाटलं आता उतरून चालायला लागतील.

"मुद्दाम नाई, माय," ते म्हणाले. "मले डावीकडचा भरोसा नाई वाटत."

"डोळे तर चांगले आहेत."

"डोळ्याचं काय? ट्रकमंधी डावी बाजू माही नव्हतीच. ते क्लीनरची. तो तिकडून पाहे अन् दारावर थाप मारे. एक थाप, थांब. दोन थापा, चाल. मी उजवं चाक सांभाळलं. डावीकडं मी कधी पाह्यलंच नाई, मी फक्त थाप ऐकली." मग जरा थांबून, "आता तिकडं कोणी नाई."

"मी बसलेली असते ना तिकडं."

"तू खिडकीबाहेर पाहतं."

हे खरं होतं. मी मान फिरवली, बाहेर पाहण्यासाठीच, आणि तेव्हा मला तो दिसला. डाव्या बाजूचा आरसा. मिटलेला, काचेला टेकलेला.

"हा कधीपासून असा आहे?"

"घेतली तवापासून. गल्लीत लोकं धडकते ना त्याले. तोडून टाकतीन म्हून मिटवला."

दोन वर्षं माझं कोपर त्या आरशापासून वीतभर अंतरावर होतं. दुसऱ्यांच्या अर्जांतला खाडाखोड केलेला एक आकडा मी लांबून ओळखते. आणि इथं बाबा अर्ध्या रस्त्याला आंधळे होऊन चालवत होते, मी शेजारी बसून त्यांची लाज वाटून घेत होते. त्या मंगळवारी अँब्युलन्स अडली त्यात बाबांची चूक होती, हे मी आजही म्हणते. पण ती चूक त्यांच्या एकट्याची नव्हती.

मी काच खाली केली आणि आरसा उघडला. खट् आवाज झाला. बाबांना दिसेल असा तो फिरवला. त्यांनी एकदा पाहिलं, जसं कोणी अनोळखी पाहुण्याकडे पाहतं, आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी आरशाचा काही उपयोग झाला नाही. दिसत होतं, पण विश्वास बसत नव्हता.

शनिवार उजाडला. माझी मुदत. चावी खिळ्यावरून बाबांच्या हातात देताना मनात आलं, संध्याकाळी ती कदाचित माझ्या पर्समध्ये असेल.

रस्त्याला लागलो. बाबा दुभाजकाजवळ, चाळीसवर. दहा मिनिटांत मागे एक डंपर आला आणि त्यानं दिवे मारले. मी काच पूर्ण खाली केली, मान बाहेर काढून मागे पाहिलं. डावा पट्टा मोकळा. पुस्तक, पट्टा, नियम, यातला एकही शब्द मी काढला नाही. म्हटलं, "बाबा, मागचा साइड मागून राहिला." आणि हात बाहेर काढून दारावर मारल्या, दोन थापा. जोरात.

गाडी डावीकडे गेली. बाबांनी विचार केला नाही, त्यांच्या हातांनी केलं. एकदम सरळ, ना झटका ना डोलणं. डंपर घरघरत बाजूनं पुढे गेला आणि जाता जाता त्यानं हॉर्न दिला, छोटासा, एकच. बाबांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून वर केला. तो हात मी लहानपणी ट्रकमधून पाहिला होता. नंतर विसरले होते.

"साइड देल्ली पाह्यजे," बाबा स्वतःशीच म्हणाले. "आम्ही एका पट्ट्याच्या रोडवर देत होतो, चाकं मातीत उतरवून देत होतो. इथं एवढा रोड पाहून वाटे, त्याले काय कमी आहे."

त्यानंतर आम्ही तो रस्ता तीनदा आलो-गेलो. मी थापा मारल्या, हात लाल झाला. मग मागून एक गाडी आली तेव्हा मी मुद्दाम थाप मारली नाही.

"काहून नाई मारली?"

"आरशात पाहा."

त्यांनी पाहिलं. पाहतच राहिले.

"समोर! बाबा, समोर पाहा!"

"तूच म्हणतं आरशात पाहा, तूच म्हणतं समोर पाहा."

"एकदा इकडे, एकदा तिकडे. चालवता येतं ना तुम्हाला?"

"मले चालवता येत नाई?" म्हणाले आणि इंडिकेटर देऊन डावीकडे गेले. माझी थाप नसताना. परत येईपर्यंत ते सहा वेळा गेले आणि दोनदा विसरले. दोनदा म्हणजे दोनदा, मी मोजलं आणि त्यांना सांगितलं. अर्ज परत करताना सांगते तसंच, भीड न धरता.

रविवारी भाऊ आला. चहा न पिताच म्हणाला, "चलो, दिखाओ." मी त्याला पुढे डावीकडे बसवलं आणि आईजवळ मागे बसले. मुद्दाम. त्याला थापेचं काही माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. बाबांजवळ आज आरशाशिवाय कोणी नव्हतं.

तेलीबांधा तलावाच्या पुढे मागून एक मोठी काळी गाडी आली. दिवे, हॉर्न, पुन्हा दिवे. भावानं तोंड उघडलं, "बाबा, पीछे..." मी मागून त्याचा खांदा दाबला. आईनं पिशवी घट्ट धरली.

बाबांनी मान जराशी डावीकडे केली. आरशात पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. इंडिकेटर टिक टिक करायला लागला. एका मोटरसायकलला जाऊ दिलं, आणि डावीकडे आले. काळी गाडी सरळ निघून गेली. तिच्या ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी वाकून आमच्या गाडीत डोकावलं नाही.

"जाय बाबू, जाय," बाबा त्याला म्हणाले.

घरी आल्यावर भाऊ मला म्हणाला, "दीदी, एक बार तो वापस डिवाइडर के पास आ गए थे."

"हव, आले होते. आणि परत गेले."

"और फिर एम्बुलेंस आई तो?"

"तर मी बाजूला असेन. आणि नसले तर आरसा असेल. एकदा जरी अडवलं तर चावी मी काढून घेईन, तुला फोन करून सांगेन. आता चहा पी."

तो संध्याकाळच्या गाडीनं बिलासपूरला गेला. एकटाच. पांढरी गाडी गल्लीत उभी राहिली, चावी खिळ्याला.

ती बाई कोण, तिच्या माणसाचं काय झालं, आम्हाला कधी कळणार नाही. आई अजून मधूनच विचारते. बाबा मात्र सायरन लांबून जरी ऐकू आला तरी गाडी आधी डावीकडे नेतात, कधी कधी सायरन दुभाजकापलीकडच्या रस्त्यावरचा असतो तरीसुद्धा.

गल्ली अरुंद आहे, ती काही रुंद होणार नाही. म्हणून रोज घरी आल्यावर बाबा आरसा मिटवतात. सकाळी गाडी काढताना उघडतात. मी वरच्या खिडकीजवळ वेणी घालत असते आणि कान खाली असतो. खट् ऐकू आलं की वेणी पुढे चालू. ऐकू आलं नाही तर अर्धी वेणी हातात धरून मी जिना उतरून जाईन, हे बाबांना माहीत आहे. परवा इंजिन सुरू झालं आणि आवाज आला नाही. मी पहिल्या पायरीवर पोचले तेवढ्यात खालून हाक आली, "उघडतो, माय, उघडतो!"

आणि मग खट्.