पिंजाऱ्याची जागा

माझे अब्बा पिंजारी होते. चांदा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजाराच्या मैदानात, अगदी दक्षिणेच्या टोकाला बसायचे. ती जागा कशी गेली ते सांगते. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही नाही. माणसं गेली, पण त्यांची नातवंडं अजून तिथेच नांदतात. गोष्ट फार जुनी, मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच संपली होती तेव्हाची, पण आठवली की माझं डोकं अजून तडकतं. सून म्हणते, आता काऊन जीव जाळून राह्यल्या? काय सांगू तिला! जळतो तर जळतो.

दक्षिणेचं टोक अब्बांनी उगाच धरलं नव्हतं. थंडीत आमच्याकडे वारा वरून, उत्तरेकडून येतो. पिंजणाच्या, त्या मोठ्या धनुकलीच्या, ताणलेल्या तातेवर ठोका पडला की कापूस असा काही उडतो की जवळच्या माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. म्हणून गूळवाले, हळदवाले, शेव-चिवडेवाले वरच्या अंगाला आणि अब्बा सगळ्यांच्या खाली. उडालेलं सगळं मागच्या धानाच्या बांध्यांत, शेतांत जायचं, कोणाच्या गुळावर बसायचं नाही. हे कोणी साहेबानं ठरवलेलं नव्हतं. बसता बसता ठरलं होतं.

आमच्या घरासाठी त्या जागेचा अर्थ एकच होता: हिवाळ्यात बाप घरी. उन्हाळ्यात अब्बा कुरखेड्याकडच्या खेड्यांत फेरीला जायचे, लग्नाच्या गाद्या भरायला. पिंजण खांद्यावर टाकून गेले की महिनोन् महिने पत्ता नाही. पावसाळ्यात धंद्याचं कामच बंद, मग कुठे रोजंदारीनं धानाच्या रोवण्याला जा, कुठे गवत काप. पण दसरा झाला की बाजारातली जागा सुरू व्हायची आणि संध्याकाळी अब्बा घरी यायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. अम्मा त्यांना अंगणातच उभं करून झटकायची आणि तोंडाचा पट्टा सुरू करायची. आम्ही पोरं हसायचो. मला तर वाटायचं, वर्ष म्हणजे हिवाळाच, बाकीचं सगळं नुसतं वाट पाहणं.

बाया जुन्या रजया घेऊन यायच्या. रजई उसवायची, आतला दबून गोळा झालेला कापूस काढायचा, पिंजून मऊ करायचा, पुन्हा भरायचा. जिची रजई ती बाई तिथेच बसून राहायची, कारण आपला कापूस आपल्याच रजईत परत गेला पाहिजे. पिंजाऱ्यावर तेवढा भरवसा कोणी ठेवत नाही, आणि अब्बांना त्याचा रागही नव्हता. बाया बसायच्या, सासूच्या कागाळ्या सांगायच्या, बाजारही करायच्या. अम्मा चिडवायची, की तुम्ही कापूस पिंजता कमी आणि गावाची भांडणं ऐकता जास्त.

आता बाजाराची रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मैदानात प्रत्येकाचा एक दगड असायचा. माणूस असो नसो, दगड आहे तोवर जागा त्याची. आणि दुसऱ्याच्या जागेबद्दल तोंड उघडायचं नाही. नवा कोणी आला आणि "इथी बसू का?" म्हणाला, तर शेजाऱ्याचं उत्तर ठरलेलं, ज्याचा दगड त्याले पूस. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही. पूर्वी कोणी तरी कोणाच्या वतीनं बोललं होतं आणि डोकी फुटली होती म्हणे. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, दगड जागेवर असताना आपण होऊन जागा सांगत फिरणं कमीपणाचं. म्हणजे तुमचा शेजाऱ्यावर विश्वास नाही.

मालगुजार गेला तसं मैदान कमिटीकडे आलं. नगरपालिकेला आम्ही कमिटीच म्हणत असू. कमिटीनं ठरवलं की बाजार नीट करायचा. सिमेंटचे ओटे, धान्याची ओळ वेगळी, भाजीची वेगळी, आणि ज्याला परवाना त्यालाच ओटा. ऐन उन्हाळ्यात दवंडी झाली, की बसणाऱ्यांनी येऊन आपापली जागा सांगावी. अब्बा फेरीवर. अम्मानं तिकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांना निरोप धाडला. उत्तर आलं, दगड हाये ना, मग कायले घाबरता?

अम्माचं समाधान झालं नाही. ती हळदवाल्या भाऊंकडे गेली. अब्बांच्या वरच्या अंगाला बसणारे हे भाऊ, अब्बांचे जिवलग, आणि त्या वर्षी कमिटीवर निवडून आलेले. अम्मा म्हणाली, मी स्वतः जाऊन सांगते कमिटीत. भाऊंनी समजावलं, की भाबी, दगड जागेवर हाये, मी बी हाये, तुम्ही कमिटीत गेल्या तर लोक म्हणतील पिंजाऱ्याचा आपल्यावर भरवसा नाई. झालं! अम्मा घरी येऊन बसली. एवढी भांडखोर बाई, पण रीतीपुढे गप्प झाली.

मग एक दिवस कमिटीचा साहेब मोजणीला आला. आम्ही नव्हतो, पण बाजारातल्या इतक्या जणांनी नंतर सांगितलं की पाहिल्यासारखंच वाटतं. साखळी टाकत टाकत साहेब दक्षिणेच्या टोकाला आला आणि त्यानं विचारलं, इथे कोण बसतं? गूळवाला होता, कासार होता, चिवडेवाली होती. कोणी बोलेना. साहेबानं भाऊंकडे पाहिलं, कारण ते मेंबर.

भाऊ म्हणाले, "ज्याचा दगड हाये, त्याले पुसा साहेब."

साहेब बिचारा दगडाकडे पाहत राहिला. मग मोकळी जागा म्हणून त्यानं खूण केली आणि पुढे गेला. पुढच्या बैठकीत ती मोकळी जागा पिठाच्या चक्कीला देण्याचा ठराव झाला. पिंजण्याचा धंदा उडणारा, आगीचा, म्हणून त्याला नाल्यापलीकडे, कातडी वाळवतात तिकडे परवानगी दिली. कापूस उडतो म्हणे! आणि पीठ काय देवळात जाऊन बसतं? भाऊ त्या बैठकीतही गप्पच बसले. दुसऱ्याच्या जागेबद्दल कसं बोलायचं?

अब्बा मृगाच्या आधी परतले तेव्हा चक्कीच्या भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या. पावसाळा गेला, दसरा झाला, आणि ते नाल्यापलीकडे जाऊन बसले. बाया येईनात. कशा येतील? तिथे वास, तिथे सावली नाही, बाजार लांब, आणि भल्या घरची बाई दिवसभर तिथे बसणार कशी? कापूस टाकून निघून जावं तर तेवढा भरवसा नाही. अब्बा रोज जायचे आणि जसे गेले तसे स्वच्छ परत यायचे. अम्मा झटकायला उठायची, मग तशीच खाली बसायची.

शेवटी तिनं त्यांना जवळजवळ ओढतच कमिटीत नेलं. मीही मागे होते. भाऊही आले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, अहो, मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. एकानं जरी सांगितलं असतं की इथे पिंजारी बसतो, तरी मी तिथे ओटा काढला असता. आता चक्कीला परवाना गेला, भिंती उभ्या झाल्या, माझ्या हातात काही नाही.

भाऊंची मान खाली गेली. "माह्याच तोंडानं गेली तुमची जागा," ते अब्बांना म्हणाले.

मला वाटलं, आता अब्बा बोलतील. बोलावं, चांगलं ओरडावं, असं मला फार वाटत होतं. अब्बा म्हणाले, "नाई भाऊ. तुम्ही बरोबरच बोलले. मी असतो तर मीबी तेच बोललो असतो." आणि साहेबाला सलाम करून बाहेर आले.

मला त्या दिवशी अब्बांचा राग आला होता. आज विचार करते तर त्यांचा येत नाही, भाऊंचाही येत नाही, साहेबाचाही नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. कोणावर तरी खापर फोडता आलं असतं तर जीव मोकळा झाला असता.

रस्त्यात अम्मा थांबली. तिनं विचारलं, की त्या दिवशी भाऊंनी एक शब्द सांगितला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? अब्बा म्हणाले, मग पुढच्या वेळी कोणीबी उठून कोणाची जागा सांगितली असती.

"पुढची वेळ आता कोणाची हाये?" अम्मा म्हणाली.

आठवड्याभरात, ऐन थंडीत, पिंजण खांद्यावर टाकून अब्बा खेड्यांकडे निघाले. बाजारात बसता येत नाही तर दारोदार जायला हवं, दुसरा उपाय नव्हता. मग दर वर्षी तेच. दसऱ्याला जायचे ते होळीच्या आसपास तोंड दाखवायचे, आणि लगेच लग्नसराईसाठी पुन्हा निघायचे. त्यानंतर माझे अब्बा हिवाळाभर घरी राहिले ते एकदाच, खाटेला खिळले तेव्हा.