कालव्याच्या कडेनं कॉलेजात

माझे वडील भांडखोर आहेत असं आमच्या भावकीत आजही सांगतात. लग्नाच्या पंगतीत कुणी नवा पाहुणा त्यांची चौकशी करायला लागला की शेजारचा हळूच म्हणतो, "माणूस चांगला, पण तोंडाचा लई फटकळ." मी त्या शेजारच्याकडे अशी बघते की तो मान ताटात घालतो. अण्णा कुणाशी भांडले आणि कुणासाठी भांडले, हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि तेव्हा त्यातला एकही जण आमच्या बाजूनं उभा राहिला नव्हता, हे मला माहीत आहे.

आमची वस्ती निरगुडसरच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडे. वस्तीवरून डांबरी रस्त्याला जायला एक पाणंद होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, अण्णांच्या चुलतभावाच्या रानाला लागून. मी त्यांना काका म्हणायचे. लहानपणी त्यांच्या घरी कैक वेळा जेवलेय. काकांची खोड एकच, दर नांगरटीला बांध हातभर आमच्याकडे सरकवायचा. अण्णांनी बरीच वर्षं तोंडी सांगून पाहिलं आणि शेवटी सरकारी मोजणी आणली. खुणेचे दगड काकांच्या रानात आत गेले. त्यानंतर आठ दिवसांत काकांनी जेसीबी बोलावला, पाणंदीवर कंबरभर खोल चर मारला आणि त्यापुढं बाभळीच्या काट्या रचल्या. माझ्या रानातून कुणाची वाट न्हाई, असं त्यांनी चावडीवर सांगितलं. चावडीवरचे लोक ऐकून घरी गेले.

मी तेव्हा अकरावीला होते. मंचरच्या कॉलेजला जाणारी एसटी सकाळी साडेसहाला फाट्यावर यायची. आई म्हणाली, पोरीला वर्षभर मावशीकडे ठेवू. अण्णांनी ऐकलंच नाही. घर सोडून तिनं का जायचं, चूक तिनं केलीय का, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

मग राहिली कालव्याच्या कडेची वाट. दीड कोसाचा वळसा, दोन्ही अंगाला डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या वर्षी आमच्या शिवारात बिबट्यानं दोन कुत्री आणि एक कालवड नेली होती. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि उसात वाघ आहे हे सांगायला कुणाला वनखात्याची पाटी लागत नाही.

सव्वापाचला आम्ही निघायचो. धारांचं काम आईवर टाकून अण्णा पुढं, हातात लोखंडी टोकाची काठी आणि बॅटरी, मागं मी. माणसं बोलत असली की वाघ लांब राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी मला आदल्या दिवशीचा धडा मोठ्यानं सांगायला लावलं. ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. पण मी रसायनशास्त्र सांगायला लागले की मधेच थांबवून विचारायचे, "मीठ पाण्यात इरघळतं म्हंजे जातं कुठं?" मला उत्तर नीट देता आलं नाही की म्हणायचे, मास्तरला इचार, उद्या मला सांग. दुसऱ्या दिवशी न विसरता ते विचारायचे. त्या वाटेवर मी जेवढं शिकले तेवढं वर्गात शिकले नाही.

एखाद्या दिवशी मला बोलावंसं वाटलं नाही तर ते काकांना शिव्या द्यायला लागायचे. अगदी तालात. त्यांचा एक नियम होता, आईबहिणीवरून शिवी द्यायची नाही. त्यामुळं त्यांना नवीन नवीन शोधाव्या लागायच्या. किडक्या वांग्या, बिनपाण्याच्या हिरी, लोकाच्या बांधावर वाढलेल्या घाणेऱ्या. मी हसत हसत चालायचे आणि मनात म्हणायचे, अजून द्या, अजून. सतरा वर्षांची मुलगी एखाद्या माणसाचा इतका द्वेष करू शकते हे मला तेव्हा समजलं. अजूनही तो कमी झालेला नाही.

जानेवारीत एका अंगाचा ऊस तोडून झाला. कालव्याच्या मोरीजवळ वळलो आणि अण्णा थांबले. त्यांनी मागं हात घालून माझा दंड धरला आणि मला पाठीशी ओढलं. माझं तोंड त्यांच्या स्वेटरात. स्वेटरला दुधाचा आणि पेंडीचा वास. त्यांच्या काखेखालून मला दिसलं, मोरीच्या कठड्यावर तो बसला होता. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे हलत नव्हते.

अण्णा पळाले नाहीत. त्यांनी काठी दगडावर आपटली आणि घसा फोडून ओरडायला लागले. शिव्या त्याच, काकांसाठी राखून ठेवलेल्या. किडक्या वांग्या, ऊठ. बिनपाण्याच्या हिरी, चल नीघ. वाघानं थोडा वेळ ऐकून घेतलं, सावकाश उठला आणि उभ्या उसात उडी टाकून गेला. ऊस किती तरी वेळ सळसळत होता. तो थांबल्यावर अण्णा म्हणाले, "चल, यष्टी चुकंल."

फाट्यावर पोचल्यावर मी पाहिलं, त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. कधी गेली ते त्यांना कळलंच नव्हतं. हातातली बॅटरी तशीच चालू होती. ती मी बंद केली. एसटी आली तसे तेही माझ्यामागून चढले. मंचरला उतरल्यावर स्टँडसमोर त्यांनी मला मिसळ खायला घातली, वर भजी मागवली, स्वतः मात्र नुसता चहा घेतला. आईला सांगू नकोस, म्हणाले. मी कॉलेजात गेले. दुपारी बाहेर आले तर ते फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलेले, एक पाय अनवाणी. बटाट्याचा बाजार बघायला थांबलो व्हतो, असं त्यांनी सांगितलं. बाजार समिती तिथून बरीच लांब आहे. ते सकाळपासून तिथंच बसून होते हे मला कट्ट्यासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं नंतर सांगितलं.

त्याच संध्याकाळी ते काकांच्या अंगणात गेले. मी सोबत. काका खाटेवर बसून होते, उठले नाहीत. अण्णांनी सकाळी काय झालं ते सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, याचं मला नवल वाटलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग वाघ काय माझ्या दावणीचा हाय व्हय?"

अण्णांच्या हातात काठी होती. मला वाटलं, आता घालतात डोक्यात. खरं सांगते, घालावी असंच मला वाटत होतं. अण्णांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"दावणीचा न्हाई," ते म्हणाले, "पण चर तुझा हाय."

दुसऱ्या दिवशी ते घोडेगावला तहसील कचेरीत गेले आणि वाटेसाठी अर्ज दिला. त्यानंतर किती तारखा झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. साक्षीला भावकीतल्या सहा जणांना बोलावलं होतं. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची पाण्याची पाळी निघाली. एकानं तर घरात असून नसल्याचं बायकोकडून सांगितलं, त्याच्या चपला दारात होत्या. घरातलं भांडण घरात मिटवा, असा सल्ला मात्र प्रत्येकानं दिला. शेवटच्या तारखेला मीही गेले होते. काकांनी साहेबांना सांगितलं की पोरगी दोन वर्षांत लग्न होऊन जाईल, तिच्यासाठी वाट कशाला हवी. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं.

"पोरगी जायची तवा जाईल, सायेब," अण्णा म्हणाले. "उद्या सकाळी तिला कालिजात जायाचंय."

निकाल आमच्या बाजूनं लागला. पण चर बुजवला तेव्हा माझी बारावीची परीक्षा सुरू होती आणि शेवटचे दोन पेपर राहिले होते. सव्वा वर्ष आम्ही बापलेक कालव्यानं चाललो. आता लोक म्हणतात, एका वाटेसाठी किती ताणलं. त्यांना म्हणावंसं वाटतं, एक दिवस पहाटे मोरीपर्यंत चालून दाखवा.

मी आता मंचरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. गेल्या पावसाळ्यात काका तिथं साखर तपासायला आले. खुर्चीत बसल्यावर त्यांनी मला ओळखलं. मी दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळा म्हणाले आणि शीर शोधायला लागले. तेवढ्यात ते बोलू लागले. झालं ते झालं, तू बारकी होतीस, बापालाही सांग, विसरून जा म्हणावं.

"मी बारकी नव्हते," मी म्हणाले. "मूठ सोडा."

शीर पहिल्या झटक्यात सापडली होती. माझा हात चांगला आहे. त्या दिवशी तो चांगला नसता तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी वस्तीवर जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल, दोन जुन्या शिव्या तरी निघतील. ते गोठ्यात गायीच्या पायाला हळद लावत होते. त्यांनी विचारलं, "साखर लई निघाली का?"

कुणाचा रिपोर्ट असा सांगता येत नाही, मी म्हणाले. मला रागच आला. या माणसासाठी तुम्हाला काय पडलंय, असं तोंडावर विचारलं.

"त्याच्या बापाचा पाय त्यापायीच कापला," अण्णा म्हणाले. "अनवाणी रानात जाऊ नको म्हणावं त्याला. जखम व्हऊ देऊ नको म्हणावं."

"मग तुम्हीच सांगा की. घर शेजारीच आहे."

"मी नाय बोलत त्याच्याशी," ते म्हणाले. "तू सांग."

दोन दिवसांनी काका रिपोर्ट न्यायला आले, तेव्हा मी सांगितलं. कागदाकडे बघत सांगितलं, त्यांच्या तोंडाकडे नाही. अण्णांनी सांगितलंय, एवढं मात्र मी मोठ्यानं म्हणाले.