पाहुणे असतात तेवढा वेळ

पद: शिक्षिका, तात्पुरती शाळा क्रमांक तीन. सदर शिक्षिका मदतकार्य, विकास व शांतता या तिहींना जोडणारा दुवा म्हणून दोन वर्षे कार्यरत असून त्यांचे काम समाधानकारक आहे.

म्हणजे सकाळी बिस्किटं वाटायची, मग पाढे घ्यायचे आणि उरल्या वेळात वरच्या आळीचं नि खालच्या आळीचं वैर मिटवायचं. दंगलीत दोन्ही आळ्या जळाल्या, तेव्हा धान्याचं गोदाम रिकामं करून ही शाळा भरवली होती. नियम एकच: प्रत्येक बाकावर एक मूल वरचं, एक खालचं. नियम मोडला तर शाळा बंद.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी एकमेकांना चावे घेतले, पेन्सिली टोचल्या. बाई वरच्या आळीच्या, जोडीच्या दुसऱ्या बाई खालच्या; दोघींनी हात टेकले. मुलं आपापल्या बाजूला बसू लागली, आणि नियम फक्त तपासणीपुरता उरला. बाई "पाहुणे!" म्हणाल्या की अर्ध्या मिनिटात अदलाबदल. या चपळाईचा त्यांना अभिमानच होता.

परवा तपासणीला साहेब आले. दुसऱ्या बाकावरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "ही तुझी मैत्रीण का गं?"

"हो. पाहुणे असतात तेवढा वेळ."

"अगं, काहीतरीच काय!" बाई घाईघाईने म्हणाल्या.

मुलीला वाटलं, बाई अडचणीत आहेत, आपण मदत करावी. "खरंच, बाई! तुम्ही नि खालच्या बाई नाही का, पाहुणे आले की एका टेबलावर जेवता? तस्संच."

साहेब पोट धरून हसले. "पोरगी भलतीच तिखट आहे हो!" मग दोघी बाईंना डब्यांसकट एका टेबलाशी बसवून त्यांनी फोटो काढला आणि शेरा लिहिला: आदर्श. शाळा वाचली. बाईंना मात्र मान वर करून त्या पोरीकडे बघवेना. दोन वर्षांत त्यांनी वर्गाला पक्कं शिकवलेलं होतं ते हे एवढंच, आणि तेही स्वतः करून दाखवून.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई डबा उचलून खालच्या बाईंच्या टेबलापाशी गेल्या. खालच्या बाईंनी लगबगीने तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि दाराकडे बघितलं.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग?"

बाई डबा घेऊन आपल्या टेबलावर परत आल्या.