गोधडीवरचा दवाखाना

“हात दाव.”

आत्याबाईंकडे कुणीही गेलं की त्यांचा पहिला शब्द हाच. तोंडाकडे बघायचंच नाही. हात हातात घ्यायचा, उलटा करायचा, सुलटा करायचा, बोटं दाबायची आणि नाकातून “हं” काढायचा. कर्जतला बदलून आलेल्या एका कारकुनाला वाटलं, बाई हस्तरेषा बघते. त्याने मोठ्या भक्तीने विचारलं, “बढती कधी आहे?”

“त्ये तुज्या सायबाला म्हाईत. नखं का खातुस? झोप येत न्हाई व्हय रं?”

कारकून जो खाली बसला तो दिवे लागल्यावरच उठला.

तुम्ही म्हणाल, बाई वैदू होती की देवऋषीण? छे हो. आत्याबाई गोधड्या शिवायच्या. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून टाकत आणि बाई त्यांच्या गोधड्या करून देत. नाव काय होतं देव जाणे. सगळ्या गावाच्या आत्याबाईच. बुटक्या, ठसठशीत, आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतलं कुत्रं दचकून उठावं. तर्जनी सदा मिश्रीच्या, भाजल्या तंबाखूच्या, डबीत. बोलता बोलता दात घासायच्या आणि घासता घासता बोलायच्या. समोरच्याने जरा मागे सरकून बसलेलं बरं, एवढंच.

गोधडी सारवलेल्या अंगणात पसरलेली असायची आणि तिच्या काठाने माणसं. कुणाचं मन कशात लागेना, कुणी उगाच रडायचं, कुणी उगाच भांडायचं. आत्याबाई त्यांच्या हातात सुई द्यायच्या. “बोलायची सक्ती न्हाई. शिवायची हाय.” हे त्यांचं ठरलेलं बोलणं. हाताला काम मिळालं की डोकं जरा गप बसतं, असं त्यांचं मत होतं. आणि गंमत अशी, की ज्याला बोलायची सक्ती नाही तो चार टाके झाले की बोलायला लागायचा. तुम्हीही बघा करून.

आमच्या आळीतल्या एका पोरीचं तान्हं गेलं होतं. ती रडतच नव्हती. नुसती बसायची, मांडीवर बाळाचं अंगडं घेऊन. आत्याबाईंनी ते मागितलं तर देईना. “कापनार तुमी.” आत्याबाई म्हणाल्या, “न्हाई कापत. अख्खंच ठिवू आत.” आणि त्यांनी खरंच ते अंगडं आहे तसं दोन थरांच्या मध्ये ठेवलं, वरून त्या पोरीकडूनच टाके घालून घेतले. तिसऱ्या की चौथ्या ओळीला पोरीने जो हंबरडा फोडला! आत्याबाईंनी तिला थोपटलं-बिपटलं नाही. तिच्या सुईत दोरा ओवून दिला, इतकंच.

पण मला सांगायचंय ते आमच्या सोपान भावजींचं. सोपान भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ब्रह्मदेशातल्या लढाईतून ते परत आले, पण आले म्हणजे अंगाने आले. बोलणं नाही, हसणं नाही. भांडं पडलं तरी भिंतीला चिकटून उभे राहायचे. दिवस कलला की गुत्त्यावर. त्यांची बायको सखू, माझी जाऊ, घाबरून माहेरी गेली होती. तिच्या थोरल्या भावाने निरोप धाडला, “ज्वारीची काढनी झाली की यीन. मानूस ठिकानावर नसंल तर आमची पोर आमी नांदाया धाडनार न्हाई. भांडी-ट्रंक घिऊन जानार.” सखू चांगली होती हो. मला तर बहिणीसारखी.

आधी आम्ही भावजींना देवऋष्याकडे नेलं. त्याने लिंबाच्या डहाळीने झोडपलं. भावजी घरी आले आणि अंग ठणकतंय म्हणून त्या दिवशी जास्तच प्याले. मग मीच त्यांना आत्याबाईंकडे नेलं. हात असे थरथरत होते की सुईच्या नाकात दोरा जाईना. आत्याबाईंनी मुद्दाम गुत्त्याच्या वेळेलाच बसवलं. भावजी दोन टाके घालायचे आणि उठून जायचे.

एकदा आत्याबाईंनी हटकलं, “आरं सोड की त्यो गुत्ता!”

भावजी महिनोन्‌महिने बोलले नव्हते, ते फटकन म्हणाले, “तुमी सोडा मिश्री. मंग मी सोडतो.”

आत्याबाईंचं बोट तोंडातच राहिलं. मग त्यांनी थुंकून चूळ भरली आणि डबी कडुलिंबाखालच्या उकिरड्यात भिरकावली. “हं. घाल टाका.”

पुढचे दिवस आळीने कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. आत्याबाई कोंबड्यांवर खेकसायच्या, पाहुण्यारावळ्यांवर खेकसायच्या. टाके वाकडे जायला लागले. आता उलटंच झालं. भावजी दुपारपासूनच त्यांच्या अंगणात जाऊन बसायचे, बाईंवर पहारा करायला. मी कान देऊन ऐकलंय ते असं:

“सोपाना, लई वंगाळ असतं रं ह्ये.”

“व्हय, आत्याबाई.”

“तोंडाला पानी सुटतंय.”

“सुटू द्या. थुका. फुडला टाका घाला.”

एकदा बाई गोठ्यामागे मिश्री लावताना सापडल्या. भावजी हाताची घडी घालून उभे. बाई म्हणाल्या, “वाईच चाखली.” भावजी म्हणाले, “म्या बी काल वाईच चाखली.” दोघंही मुकाट गोधडीवर येऊन बसले. “उसवलं तर शिवायचं,” आत्याबाई पुटपुटल्या. “गोधडी फेकून देत्यात व्हय कुनी?”

ज्वारीची काढणी झाली. भावजींचा हात स्थिर झाला होता, गुत्त्याची वाट सुटत आली होती. आम्ही मनात म्हणत होतो, आता येऊ दे सखूचा भाऊ. आणि तो आला तो नेमका संध्याकाळी. आधी घरातली सखूची भांडी गाडीत भरली, मग विचारलं, “दाजी कुटं हायती?” कुणीतरी आत्याबाईंचं अंगण दाखवलं.

त्याने येऊन पाहिलं, तर लष्करातून आलेला मिशाळ गडी चार बायकांत मांडी घालून गोधडी शिवतोय. झालं! त्याने कपाळावर हात मारला. “आमाला वाटलं नुसती दारूच पितो. ह्येचं तर डोस्कंच फिरलंय!”

मी पुढे होऊन म्हणाले, “दादा, अहो, दारू सोडलीय त्यांनी.”

“सोडली असंल. संगट अक्कल बी सोडलीय.”

बघा आता! ज्या औषधाने माणूस बरा होत होता, त्याच औषधाने वेडा ठरला. आत्याबाईंनी तोंड उघडलं. मिश्रीवाचून त्यांचं डोकं तापलेलंच होतं, त्या काय बोलल्या असत्या याची कल्पनाही नको. पण भावजींनी हाताने त्यांना थांबवलं. पाहुणा आलाय, उठून राम राम घालावा म्हणून ते उभे राहिले.

आणि त्यांच्याबरोबर अख्खी गोधडी उभी राहिली.

शिवता शिवता त्यांनी गोधडीबरोबर स्वतःचं धोतरही शिवून टाकलं होतं. चांगलं हातभर. समोरच्या बाईची सुई गेली एकीकडे, बाई कलंडली दुसरीकडे. भावजींनी खाली पाहिलं, वर पाहिलं, परत खाली पाहिलं. आणि हसले. लढाईवरून आल्यापासून आम्ही ते हसणं ऐकलं नव्हतं. खो खो, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. मग आत्याबाई, मग सगळं अंगण.

भावाच्या मागे सखू उभी होती, भांडी-ट्रंक ओळखून द्यायला बरोबर आलेली. पदर तोंडात कोंबून तीही हसत होती. मग ती पुढे आली, भावजींच्या पायाशी बसली आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उसवायला लागली.

“किती घट घातल्यात,” ती खाली बघूनच म्हणाली.

“हात हालत न्हाई आता,” भावजी म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. पण तिची सुई जरा थांबली.

“सखू, चल,” भाऊ म्हणाला. “गाडी जुपलीय. बैलं खोळंबल्यात.”

“सोडा बैलं, दादा. धोतर फाटंल घाई केली तर. ह्ये लई येळाचं काम हाय.”

भाऊ मिशीवरून हात फिरवत गाडीतली भांडी उतरवायला निघून गेला.

त्यानंतर भावजी कधी प्यालेच नाहीत असं सांगितलं तर ते खोटं होईल. प्याले, दोनदा-चारदा. सखूने आकांत केला नाही. ती सरळ आत्याबाईंना हाक मारायची, आणि बाई अंगणात गोधडी पसरायच्या. लढाईत काय झालं ते मात्र भावजींनी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आत्याबाईंनीही विचारलं नाही.

पुढे आत्याबाईंच्या राहात्याकडच्या भाच्याची बायको गेली. लहान पोरं उघडी पडली. आत्याबाई एक बोचकं घेऊन तिकडे निघाल्या. जाताना न्यायला आलेल्या भाच्याचेही हात उलटेसुलटे करून बघत होत्या. त्यानंतर त्या परत आल्या नाहीत. एका बाजाराच्या दिवशी राहात्याच्या गूळवाल्याने सांगितलं, म्हातारी गेली.

त्या संध्याकाळी भावजी घराबाहेर पडले तेव्हा सखू दारात उभी राहिली. अडवलं नाही तिने. ते नुसते मळ्यापर्यंत जाऊन परत आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. एक घास मोडला आणि हातातच ठेवला.

“तितं लढाईवर माजा एक दोस्त हुता,” ते म्हणाले. “त्येला लई भूक लागायची.”

ते बोलत राहिले. ताटातली भाकरी गार झाली, सखूने ती उचलून गरम वाढली. तीही गार झाली. मग तिने तवा खाली उतरवला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.