अळणी डबा

माझी शिट्टी गोविंदाच्या गळ्यात होती आणि मी स्टोअरच्या दारात बसून बोल्ट वाटत होतो.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं. मी रिगर, म्हणजे क्रेनला अवजड बोजा बांधून देणारा माणूस. बोजा कुठे टेकतोय ते क्रेनवाल्याला दिसत नाही. खाली उभं राहून शिट्टीने आणि हाताच्या खुणांनी त्याला सांगावं लागतं. असं सांगतानाच एके दुपारी मी भोवळ येऊन पडलो. बोजा अधांतरी आणि खाली माणसं. कोणाला लागलं नाही, हे नशीब. माझा उजवा हात मात्र आठवडाभर उचलत नव्हता.

"ब्लडप्रेशर," डॉक्टर म्हणाले. "मीठ बंद. रोज दोन मैल चालायचं. प्रेशर उतरलं तरच फिट सर्टिफिकेट."

तोवर माझी जागा साइटच्या साहेबांनी जवळच्या मुरबे गावच्या गोविंदाला दिली. माझ्याच हाताखाली शिकलेला. काम चोख करायचा, हेच मला खुपत होतं. खरं सांगतो, मरणाच्या भीतीने मी चार दिवसही पथ्य पाळलं नसतं. त्याला बघून जळत होतो म्हणून पाळलं. पहाटे किनाऱ्यावरून चालायचो, तेही त्याच्या नावाने दातओठ खात.

दीड महिन्याने डॉक्टरांनी तपासलं. पारा तसूभरही उतरला नव्हता.

"पथ्य मोडता तुम्ही!"

"डॉक्टर, डाळीतसुद्धा मिठाचा खडा नाही."

त्या दुपारी गोविंदा माझ्यासमोर जेवायला बसला. मी डबा उघडला. अळणी भात, अळणी भाजी, आणि ते घशाखाली उतरावं म्हणून भाजलेल्या खाऱ्या मुशीचा, सुक्या मासळीचा तुकडा.

"उस्ताद, मीठ बंद हाय ना तुमचं?"

"हाय की."

"मग ह्ये खारं?"

"ती मासळी हाय. मीठ कुठं हाय?"

तो हसला नाही. "माजी आय मुशी मिठात पुरून ठेवते. तुमच्याकडं नाय ठेवत?"

आमच्याकडेही तसंच ठेवत. जन्मभर खारं खाल्लं, पण ते आमच्या लेखी मीठ नव्हतंच, मासळी होती. बायकोला सुचलं नाही. डॉक्टर घाटावरचे, त्यांनी विचारलं नाही. सुचलं ते नेमकं याला! अंगाचा तिळपापड झाला. उपकार करायला देवाला दुसरं कोणी मिळालं नाही?

तुकडा त्यालाच देऊन टाकला. त्याने तो मिटक्या मारीत खाल्ला, तेव्हा मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

खारं सुटलं आणि तीन महिन्यांत पारा उतरला. सर्टिफिकेट घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो.

"माझी क्रेन, साहेब?"

"ती गोविंदाकडेच राहू दे. चांगलं चाललंय. नवी क्रेन आलीय, ती तुम्ही घ्या."

पुढे वर्षभर आम्ही एकाच आवारात काम केलं. तो माझ्यापेक्षा ताजातवाना दिसू नये म्हणून मी एक पहाट चुकवली नाही. खाऱ्याला तर आजतागायत शिवलो नाही.

जळफळाटाने प्रेशर वाढतं म्हणतात. माझं उतरलं. माणूस पथ्य कशाच्या जोरावर पाळतो, हे पाऱ्याला कळत नाही.