बाबांनी झाळलेला रेडिएटर

मी जन्मजात धास्तावणारा माणूस. कुलूप लावलं की नाही ते पाहायला गल्लीच्या टोकावरून दोनदा परत यायचो. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या त्या मे महिन्यात, दोन मालक पाहून आमच्याकडे आलेल्या गाडीखाली ओलं दिसलं, तेव्हा माझी झोप उडणार हे ठरलेलंच होतं.

येत्या रविवारी त्याच गाडीतून धाकट्या बहिणीला मौद्याहून, तिच्या सासरहून, बाळंतपणासाठी आणायचं होतं. तिला आठवा लागला होता. आधीचं बाळ पोटातच गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की एस.टी.चे धक्के नकोत आणि ऊनही नको. मौदा काही विलायतेत नाही, तासाभराचा रस्ता. पण त्या रस्त्यावर गाडी तापून बंद पडलीय आणि मागच्या सीटवर ती पोट धरून बसलीय, एवढंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर येई आणि तिथेच अडकून राही.

रेडिएटरमध्ये सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत निम्मं जमिनीवर येत होतं. मी तो दुकानात न्यायचं ठरवलं, आईला तसं सांगितलंही. तेवढ्यात खाटेवरून बाबा म्हणाले, "दुकानात कायले नेतं? मी करतो."

बाबा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बॉयलर आणि नळ्यांचे जोड मारण्यात घालवली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात थरथरत राहिला. चहा पिताना कप बशीवर वाजायचा, म्हणून आईनं त्यांना स्टीलचा पेला द्यायला सुरुवात केली होती. घरातलं कुठलंही काम आम्ही त्यांना सांगत नव्हतो, आणि त्यांनीही मागणं सोडलं होतं. आता ते आपणहून मागत होते. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

शुक्रवारी मी रजा टाकली. रबरी पाईप सोडवून, बोल्ट काढून रेडिएटर अंगणात आणला. बाबांनी त्याची तोंडं चिंध्या कोंबून बंद करवली, एका तोंडाला सायकलचा पंप जोडायला लावला आणि तो हौदात बुडवला. मी हवा मारली. खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. बाबांनी तिथे खिळ्यानं खूण केली. आईची शेगडी अंगणात आली, तिच्यात झाळायचं तांब्याच्या टोकाचं अवजार तापत ठेवलं. कथील धरावं म्हणून लावलेल्या नवसागराचा धूर नाकात गेला आणि बाबा शेडमध्ये असल्यासारखे ताठ बसले. त्यांनी पालथ्या बादलीवर कोपर टेकलं, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि वितळलेलं कथील त्या भोकावर उतरवलं. हात थरथरला की थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा टेकवायचे. इवल्याशा कामाला तास लागला. मला मध्येच ते अवजार त्यांच्या हातातून हिसकून घ्यावंसं वाटत होतं.

जोड दिसायला ओबडधोबड झाला, चिंचोक्याएवढा उंचवटा. पण पुन्हा हौदात बुडवून हवा मारली तर एक बुडबुडा आला नाही. बाबांनी मला तीनदा हवा मारायला लावली. रात्री ते पोटभर जेवले.

मी शनिवारी रेडिएटर परत बसवला, गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. कागद कोरडा. तरी माझं मन मानेना. तो उंचवटा आणि ते आवळून धरलेलं मनगट डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुपारी बाबांचा डोळा लागला तसा मी गाडी ढकलत गल्लीबाहेर नेली आणि तिथे चालू केली. चोरच झालो म्हणा ना. धरमपेठेतल्या दुकानातल्या कारागिरानं वाकून पाहिलं, बोटानं चाचपलं.

"पक्कं काम हाय साहेब. काहून छेडून राहिले?"

मी म्हटलं, तरीही करा. त्यानं खांदे उडवले. बाबांचा जोड तापवून खरवडून काढला आणि तिथे चकचकीत, सपाट पट्टी दिली. चहाच्या वेळेआधी मी घरी होतो. गाडी थोडी फिरवून पाहिली, असं आईला सांगितलं. त्या संध्याकाळी मला किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू.

रविवारी पहाटे अंगणात आलो तर बाबा तयार. इस्त्रीची पँट, पायात बूट. ते मौद्याला यायचं म्हणत होते हे मला ठाऊकच नव्हतं. पाणी बघतो म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकले आणि तसेच राहिले. बोट त्या सपाट पट्टीवरून एकदा फिरलं. मग त्यांनी बॉनेट हलकेच लावलं आणि पायरीवर बसून बुटाची नाडी सोडायला लागले.

"बाबा, चला ना," मी कसंबसं म्हटलं.

"आमच्या शेडमध्ये ज्यानं जोड मारला, पहिल्या खेपेले तोच इंजिनावर बसे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "फुटला तं पहिले त्याले चटका बसला पाहिजे. हा जोड माझा नाही गा. ज्याचा आहे त्याले घेऊन जाय."

मी एकटाच गेलो. गाडीतून थेंब गळला नाही. ऊन चढायच्या आत बहीण सुखरूप घरी आली आणि पुढे दोन महिन्यांनी तिला धडधाकट मुलगी झाली. बाबांनी नातीला मांडीवर घेतलं, पण आधी आईला जवळ बसवून घेतलं आणि तिला म्हणाले, तू खालून हात धर, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी दारातच उभा होतो. त्यांना असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.