चतुराबाईंनी घुसळलेली किटली

बिभीषण माझा नांदूरघाटचा मित्र. आम्ही एका बाकावर शिकलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. तो किडे घेऊन विद्यापीठात गेला.

त्याचे किडे नखाएवढे, चपटे, तपकिरी. पाण्यात राहतात. डोळे दोनच, तेही तिरळे. एकाचे दोन तुकडे केले तर दोन्ही जगतात. डोक्याला शेपूट फुटतं, शेपटाला डोकं. मला वाटलं, थापा मारतोय. त्यानं माझ्यासमोर ब्लेडनं एक कापला. काही दिवसांनी शेपटानं माझ्याकडं तिरळं बघितलं. तेव्हापासून मी बिभीषणशी वाद घालत नाही.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेचं पाणी बंद झालं. सर म्हणाले, आपापले जीव घरी न्या, पाऊस पडला की परत आणा. बिभीषण किडे भरलेला थर्मास मांडीवर घेऊन एस.टी.नं निघाला. मांजरसुंब्याला शेजारच्यानं घोटभर चहा मागितला. त्यानं दिला नाही. तो माणूस पुढं उतरेपर्यंत बोलला नाही.

घरी आईनं, म्हणजे सारजाबाईंनी, थर्मासात डोकावून बघितलं.

"लोकं जनावरं छावणीला लावायलेत, आन् तू घरी आणायलास? खातेत काय?"

"काळीज."

"कडबा न्हाई खात?"

"न्हाई, आई."

"मग छावणीवालेबी घेत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

प्रश्न उन्हाचा होता. किड्यांना गारवा लागतो, आणि बिभीषणच्या पत्र्याच्या घरात दुपारी पाण्याचा तांब्याही चटका द्यायचा. किडे मेले तर पीएचडी गेली. सगळं काम त्याच वाणावर उभं होतं. गावात गार जागा एकच, दूध संस्थेची कूलरची खोली. आम्ही चेअरमन सुंदररावांकडं गेलो आणि किड्यांचं सगळं सांगितलं.

"तुटलेलं परत उगवतं कावून?" त्यांनी विचारलं.

"अंगभर मूळ पेशी असतेत, काका. त्यांचं ठरलेलं काम नसतं. जिथं तुटलं तिथं जातेत आन् लागंल ते होतेत. डोळा तर डोळा, आतडं तर आतडं."

"म्हंजे कार्यकर्ते," सुंदरराव म्हणाले. "ठीव."

बिभीषणनं टँकरचं पाणी औषधाचा वास जाईपर्यंत उघडं ठेवलं. ते आईच्या जुन्या दुधाच्या किटलीत ओतलं, किडे सोडले, झाकण लावलं आणि संध्याकाळी किटली त्या खोलीत भिंतीशी ठेवली. चूक तिथंच झाली. दूध संस्थेत आलेली किटली दुधाचीच असते.

दूध घ्यायच्या चतुराबाई. नमुना काढण्याआधी दूध तळापासून ढवळायचं, नाहीतर फॅट खोटी लागते. हा नियम त्या झोपेतही मोडणार नाहीत. सकाळी त्यांना किटली दिसली. कुणीतरी लवकर ठेवून गेलं असेल, असं त्यांना वाटलं. झाकण काढता काढताच त्यांनी तारेची रवी आत घातली आणि दोन्ही हातांनी घुसळली. मग नमुना लावला. फॅट शून्य.

आम्ही पोचलो तेव्हा त्या किटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्या उन्हाळ्यात दुधात घालायलाही कुणाकडं पाणी नव्हतं. त्यामुळं आमच्या डेअरीचं दूध कधी नव्हे ते चांगलं होतं. म्हणून त्या जास्तच चिडल्या होत्या.

"कुणाची रं ही?"

"माझी, मावशी."

"दुधात पानी घालणारे लई बघितले. तू तर पान्यात दूध घालायचंच इसरलास."

बिभीषणनं आत बघितलं. चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी तरंगत होतं. तो फरशीवर बसला.

"तुकडे झाले तर चांगलंच की," मी म्हणालो.

"इतके न्हाई बे. आजवर कुणी रवीनं कापले न्हाईत."

चतुराबाईंना सगळं सांगितलं. पुन्हा कुणी रवी घालू नये म्हणून त्यांनी किटलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून ती आपल्या खुर्चीखाली घेतली. रांगेत सभासद खोळंबले तरी आधी गोणपाटावर पाणी, मग दूध. बिभीषण रोज यायचा. किटलीत बघायची हिंमत त्याला होत नव्हती. तो बाहेर चपलांजवळ बसायचा.

एका सकाळी आतून हाक आली.

"बिभीषणा, ह्यातलं एक माझ्याकडं वाकडं बघायलंय."

आम्ही धावलो. किटली वळवळत होती. काही तुकडे विरघळले होते, पण उरलेले आधीच्या किड्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. सगळे बारके, सगळे तिरळे.

सुंदरराव बराच वेळ किटलीत बघत राहिले.

"आमीबी एका संस्थेच्या दोन केल्या," ते म्हणाले. "एकीलाबी डोकं फुटलं न्हाई."

बिभीषणनं सरांना फोन लावला आणि झालेलं सांगितलं. मग सर म्हणाले की, एकदा झालेलं विज्ञानात धरत नाहीत. पाऊस पडला की त्या बाईंना घेऊन ये, आमच्यासमोर परत घुसळू दे.

त्यानं निरोप सांगितला. चतुराबाई रवी धुवत होत्या.

"दूध घ्यायचं सोडून मी कुटं येत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यान्लाच इकडं बोलीव. आन् येताना किटलीत दूध आणा म्हणावं."